कॉकपिटची गादी पखाल का होते आणि वाऱ्यावर उडते कशी

ऑक्टोबरअखेर नव्या गाद्या कॉकपिटमध्ये, म्हणजे बोटीतल्या बसायच्या उघड्या जागेत, पडल्या की बोट एकदम माणसात येते. जानेवारीत त्याच गादीवर बसलं की बूड ओलं. पाऊस नाही, लाट आत आलेली नाही, वरून हात फिरवला तर गादी खडखडीत कोरडी. पण दहा मिनिटं बसा, शिवणीतून गार पाणी वर येतं. फेब्रुवारीत कुबट वास, मार्चमध्ये कोपऱ्यांवर काळे ठिपके, एप्रिलमध्ये एखादी शिवण उसवते आणि मेमध्ये बोट पावसाळ्यासाठी बाहेर काढताना गादी थेट कचऱ्यात. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा पहिले पाढे.

मुंबई बंदरात मूरिंगवर (पाण्यातल्या बोयाला बांधून) असलेल्या आमच्या जुन्या चोवीस फुटी शिडाच्या बोटीवर मी हे तीन मोसम चालवून घेतलं. तिसऱ्या वर्षी बोटीकडे बघणाऱ्या काकांनी एक गादी उभी धरली. खालच्या कोपऱ्यातून धार लागली. काका म्हणाले, "ताई, ही गादी हाय का पखाल?"

तोवर माझा सगळा भर पाणी आत जाऊ नये यावर होता. जाड रेक्झिन, घट्ट शिवण, शिवणीवर वरून सोल्युशन. जितकी बंदिस्त गादी केली तितकी ती जास्त पाणी धरून बसली. आत गेलेलं पाणी बाहेर कसं पडेल, हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता.

पाणी शिरतं कुठून

पहिली गादी शिवणाऱ्याने "वॉटरप्रूफ" म्हणून छातीठोकपणे दिली होती. कापडापुरतं ते खरंच होतं. रेक्झिनच्या झोळीत पाणी भरून रात्रभर टांगलं तरी थेंब पडत नाही. पण गादीला शिवण असते. आमच्या एका बाकाची गादी १८० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि साडेसात जाड. वरच्या आणि खालच्या कडेची शिवण मिळून ९ मीटर भरते. इंचाला सात टाके धरले तर जवळजवळ अडीच हजार सुईची भोकं!

बाकावर थोडंफार पाणी साचलेलं असतंच. दव, शिंतोडे, आइसबॉक्समधून सांडलेलं. गादी त्यात बसलेली असते. तुम्ही वर बसलात की आतली हवा भोकांतून बाहेर पडते. टॅक मारताना, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून वळवताना, उठून पलीकडे गेलात की फोम फुगतो आणि त्याच भोकांतून खालचं पाणी वर ओढतो, डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरसारखा. दिवसभरात अशी पन्नासेक वेळा उठबस होते. पाणी आत ढकलायला तुमचं अख्खं वजन आहे. बाहेर काढायला फक्त ऊन, तेही रेक्झिनच्या आडून.

आणि हे पाणी खारं. घरात पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते ठाऊक आहेच, म्हणून तर तिच्यात तांदळाचे दाणे टाकतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते याहून हावरट. आमच्या गादीचं आकारमान साठेक लिटर. मोसमभरात तिने अधूनमधून मिळून ३० लिटर समुद्राचं पाणी पिऊन वाळवलं, तर लिटरमागे साधारण ३५ ग्रॅमच्या हिशेबाने आत किलोभर मीठ उरतं. उन्हात पाणी उडतं, मीठ तिथेच. दुपारी वाळलेली गादी पहाटेच्या दमट हवेत परत ओली होते आणि आपण आकाशाकडे बघत पाऊस कधी पडला ते शोधत बसतो.

आधी तपासा

पहिली तपासणी जिभेची. गादी पिळून निघालेलं पाणी बोटावर घेऊन चाखा. खारट लागलं तर दुखणं वर सांगितलेलं आहे. गोडं लागलं तर दव किंवा सांडलेलं पाणी. मग निम्म्या वेळा नुसती गवसणी घालून आणि बाकाच्या कडेची पाणी वाहून जायची चर मोकळी करून काम भागतं. ही चर गादीखालीच दडलेली असते आणि तिच्यात बिस्किटांचा चुरा, शेंगांची टरफलं, दोऱ्याचे तुकडे असं काय काय निघतं. गादी शिवून घ्यायच्या आधी बोटीवरची सगळी पाण्याची भोकं कुठे आहेत ते खडूने आखून ठेवा. नवी गादी बरोबर त्यावर बसवायची आणि मग कॉकपिटमध्ये तळं का झालं म्हणून हैराण व्हायचं, हेही मी केलंय.

दुसरी तपासणी वजनाची. खोळ काढा, फोम घेऊन घरच्या वजनकाट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. ३२ डेन्सिटीचा फोम म्हणजे घनमीटरला ३२ किलो, म्हणजे आमची गादी कोरडी असेल तर दोन किलोच्या आत भरायला हवी. दोन दिवस गच्चीत उन्हात ठेवूनही आमची अकरा भरली.

एवढ्यावरून ती फेकू नका. गोधडी धुतात तशी गोड्या पाण्यात पायांनी तुडवा, पाणी बदला, परत तुडवा, आणि पिळलेलं पाणी खारट लागेनासं होईपर्यंत हे चालू ठेवा. आमच्याकडे चार पाणी लागली. मग अरुंद कडेवर उभी करून वाऱ्याला, पण सावलीत वाळवा. उघडा फोम उन्हात पिवळा पडतो आणि त्याचा भुगा व्हायला लागतो. फोमचा मधला भाग काळा पडला असेल किंवा चिमटीत तुटत असेल तर मात्र मोह सोडा.

फोम

सोफ्यातला नेहमीचा फोम, मग तो ३२ डेन्सिटीचा असो की ४० चा, बोटीवर उघड्यात ठेवायच्या लायकीचा नाही. डेन्सिटी वाढवली की तो जास्त टिकतो, पण कमी पाणी पितो असं नाही. दुकानात मात्र हाच सल्ला मिळतो.

उरतात दोन वाटा. पहिली, बंद पेशींचा फोम. यातला प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र आणि बंद असल्यामुळे पाणी आत जायला जागाच नसते. ईव्हीए किंवा क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीन या नावांनी मागा. लहान मुलांच्या जोडायच्या रंगीत चटया ईव्हीएच्याच असतात, त्यावरून हाताला अंदाज येईल. हा टणक असतो, त्यामुळे ४ ते ५ सेंटीमीटर पुरतो, त्यावर उभं राहता येतं आणि पाण्यात पडला तर तरंगतो. तरंगतो म्हणून कुणी त्याला लाइफबॉय (जीव वाचवणारं कडं) समजू नये, पण निदान परत तरी मिळतो. खोट अशी की तासभर बसल्यावर बाकड्यावर बसल्यासारखं वाटतं आणि मे महिन्याच्या उन्हात ईव्हीए आकसतो. खोळ अगदी अंगाबरोबर शिवली असेल तर दुसऱ्या वर्षी ती गादीवर ढगळ होते.

दुसरी वाट जाळीदार फोमची, इंग्रजीत ज्याला रेटिक्युलेटेड म्हणतात. हाही पॉलियुरेथेनच, पण पेशींमधले पडदे काढून टाकलेले, नुसता सांगाडा उरलेला. माशांच्या टाकीच्या फिल्टरमध्ये असतो त्याच जातीचा. तुकडा तोंडाला लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर तो खरा. बादलीत बुडवून उभा धरला की पाणी सरसर गळून जातं. हा मऊ असल्यामुळे साडेसात सेंटीमीटरपेक्षा कमी जाडीचा घेऊ नका, नाहीतर बूड थेट फायबरला टेकतं. बंद पेशींच्या फोमपेक्षा महाग आहे आणि कापून देणारा शोधावा लागतो.

आम्ही काय केलं? बाकांना जाळीदार, आणि सुकाणूजवळच्या तुकड्याला बंद पेशींचा, कारण तिथे सारखं उभं राहावं लागतं. जाडी ठरवताना हावरेपणा करू नका. दहा सेंटीमीटरच्या गादीवर बसून बघा. पाठीमागची कड एकदम ठेंगणी होते आणि बोट कलली की टेकायला काही उरत नाही.

खोळ

जाळीदार फोम घेऊन वर चारही बाजूंनी रेक्झिन चढवलं तर पैसे समुद्रात. पाणी फोममधून गळेल आणि खोळीच्या तळाशी साचेल. म्हणून खालची बाजू जाळीच्या कापडाची हवीच. बाल्कनीतल्या आरामखुर्चीला असतं तसं विनाइल चढवलेलं पॉलिस्टरचं जाळीदार कापड मागा. वरच्या बाजूला सनब्रेला या ब्रँडसारखं ॲक्रिलिक कापड चांगलं. त्याचा रंग सूत काढायच्या आधीच आत कालवलेला असतो, पोळीवर तूप लावणं वेगळं आणि कणकेत मोहन घालणं वेगळं तसा. त्यामुळे तो उन्हात सहज विटत नाही. हे कापड पाणी पूर्ण अडवत नाही, आणि आपल्याला तेच हवंय: येईल ते पाणी खालून निघून जाईल आणि वरून वाफ जाईल.

रेक्झिन पुसायला सोपं, स्वस्त आणि कुठेही मिळणारं, हे मान्य. पण उन्हात त्यातला मऊपणा निघून जातो आणि घडीवर तडे जातात. एप्रिलच्या दुपारी अर्ध्या चड्डीत त्यावर बसून बघा म्हणजे बाकीचं कळेल. शिवाय ओल्या रेक्झिनवरून बोट कलली की माणूस घसरत खालच्या बाजूला. गडद निळा रंग फोटोत झकास दिसतो पण तापतो, पांढरा डोळ्यांवर येतो. राखाडी घ्या.

दोरा हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी जाणारा भाग. सुती दोरा कुजतो, नायलॉन उन्हाने लवकर जातो. जाड बाँडेड पॉलिस्टर मागा. परवडत असेल तर पीटीएफई (टेफ्लॉन), तो उन्हाला दाद देत नाही. जुन्या गादीच्या शिवणीवरून नख जोरात ओढा. दोरा कापसासारखा तुटला तर कापड कितीही चांगलं दिसो, शिवण गेलीच. कापड शाबूत असेल तर नुसती शिवण पुन्हा मारून घ्या.

चेन मागच्या उभ्या बाजूला, पूर्ण लांबीची आणि दोन्ही कोपऱ्यांना वळसा घालून चार बोटं पुढे आलेली हवी. शिवणारे मध्ये फूटभर ठेवतात आणि मग फोम काढताना खोळ फाटते. दाते जाड प्लॅस्टिकचे, रनरही प्लॅस्टिकचा. धातूचा रनर दोन महिन्यांत चिकटतो. मोसमाच्या सुरुवातीला दात्यांवर मेणबत्ती फिरवली की पुढे कुरबुर होत नाही.

काळे ठिपके पडलेच तर ॲक्रिलिकला ४ लिटर पाण्यात एक कप साधं ब्लीच आणि पाव कप सौम्य साबण चालतो. पंधरा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने खळबळा. रेक्झिनला आणि सुती दोऱ्याला हे लावू नका. आणि घरगुती उपाय म्हणून त्यात व्हिनेगर तर अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन सुटतो.

उडणारी गादी

सकाळी मतलई वाऱ्यावर आपण आरामात बाहेर पडतो, गाद्या नुसत्या टाकलेल्या असतात. दुपारी वायव्येचा खारा वारा चढतो आणि परतीच्या वाटेवर कुणीतरी शीट, म्हणजे शिडाची दोरी, ओढायला उठतं. रिकाम्या गादीची पुढची कड जरा उचलली जाते. तेवढं पुरतं. २० नॉटचा वारा, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, आमच्या एवढ्या गादीवर समोरून सुमारे ५ किलोचा जोर लावतो. गादीचं वजन दोन किलो.

आमची गेली ती कुलाब्याजवळच्या प्राँग्ज दीपस्तंभाच्या अलीकडे, ओहोटी जोरात असताना. "माणूस पाण्यात" अशी आरोळी ठोकून आम्ही तिच्यामागे वळलो, म्हटलं सराव होईल. तिसऱ्या फेरीत बोटहुक लागला. तोवर गादी इतकी भरली होती की दोघांना उचलेना. ती माणूस नव्हती याचं मला फार बरं वाटलं.

त्यानंतर एकेक उपाय झाले. रबरी चोषक कप खरखरीत डेकवर धरतच नाहीत, आणि गुळगुळीत जागी दुपारी तापले की सुटतात. चिकटपट्टीवालं वेल्क्रो: गोंद उन्हाने पातळ होतो, गादी उचलली की पट्टी तिच्याबरोबर. वेल्क्रो लावायचंच असेल तर गादीवर शिवून घ्या आणि बोटीच्या अंगाला मऊ बाजू ठेवा. मी उलटं केलं होतं. गाद्या नसताना बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या मांड्यांना ओरखडे.

टिचबटणं चांगली, पण जागा बघून. गादीच्या पृष्ठभागावर लावू नका. मागच्या कडेला कापडी पट्ट्या शिवा आणि बटण त्या पट्टीवर, त्याचा जोडीदार मागच्या उभ्या भिंतीवर, म्हणजे त्यावर कुणी बसणार नाही. साधं टिचबटण वरच्या ओढीने सुटतं, आणि वारा नेमका वरच ओढतो. एकाच बाजूने उघडणारं, बाकी तीन बाजूंनी अडकणारं बटण मिळतं, ते घ्या. पर्स-बॅगांच्या सामानात मिळणारं बरेचदा पितळेवर निकेलचा मुलामा दिलेलं असतं. महिन्याभरात हिरवं पडतं, आणि आतली स्प्रिंग पोलादी असेल तर गंजून कापडावर डाग पाडते. खाऱ्या पाण्यात टिकणारं ३१६ स्टेनलेसच मागा.

भोक पाडायचंच असेल तर

स्क्रूचं भोक आमच्या दृष्टीने शेवटचा उपाय. बऱ्याच फायबरच्या बोटींच्या बाकात दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं. त्यात सरळ स्क्रू मारला की गादीखालचं खारं पाणी हळूहळू त्या लाकडात जातं, लाकूड कुजतं आणि तीन-चार वर्षांनी बाक पायाखाली दबायला लागतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बाक ठोकून बघा. टणटणीत आवाज मध्येच बद्द झाला तर तिथे आधीच पाणी आहे.

आत लाकूड असेल तर १०-१२ मिलिमीटरचं मोठं भोक पाडा, फक्त वरच्या थरातून. वाकवलेल्या खिळ्याने आजूबाजूचं लाकूड थोडं कोरून काढा, घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरा, पूर्ण वाळू द्या आणि मग त्या इपॉक्सीत स्क्रूचं बारीक भोक पाडा. तोंडाशी जरा खोलगट करा, नाहीतर जेलकोटला, म्हणजे वरच्या चकचकीत थराला, ताऱ्यासारख्या चिरा पडतात. स्क्रूखाली पाणी अडवायला चिकट ब्यूटाइल रबराची गोळी. एका बटणासाठी एवढं सगळं, आणि दोन बाकांना मिळून दहा बटणं. हिशेब तुम्हीच करा.

आम्ही हिशेब केला आणि पट्ट्यांवर आलो. बहुतेक बोटींत बाक म्हणजे लॉकरचं झाकणच असतं. गादीच्या खालच्या बाजूला तीन ठिकाणी ३८ मिलिमीटरच्या पॉलिस्टर पट्ट्या शिवल्या. त्या झाकणाला वळसा घालून खाली प्लॅस्टिकच्या बकलने आवळल्या जातात. गादी आता झाकणाचाच भाग झाली. एकही भोक नाही आणि लॉकर गादीसकट उघडतो. गादी सरकू नये म्हणून मध्ये स्वयंपाकघराच्या खणात घालतात ती रबरी जाळी अंथरली. तिच्या भोकांतून पाणीही वाहून जातं.

पट्टे शिवायला टाकण्यापूर्वी साध्या सुतळीने बांधून दोन गोष्टी बघा. पट्ट्याच्या जाडीने झाकण वर राहून रबराची सील उघडी पडत नाही ना, आणि लॉकर एका हाताने, घाईत उघडतो ना. आमच्या लाइफजॅकेट्स त्यातच असतात. पट्ट्याचं मोकळं टोक लोंबत ठेवू नका. शीट त्यात अडकली की जायबिंगच्या वेळी (मागून वारा असताना शीड दुसऱ्या बाजूला नेताना) बोंब.

ज्या गादीखाली झाकण नाही तिला हातभर बारीक दोरी बांधून जवळच्या कडीत अडकवा. सुकाणूजवळचा तुकडा तसाच आहे. उडतो, पण जात नाही. वारा १५ नॉटच्या पुढे गेला किंवा शर्यत असली की आम्ही सगळ्याच गाद्या काढून आत टाकतो. मोकळ्या गादीवर पाय देऊन कॉकपिटमध्ये उतरणं म्हणजे केळ्याच्या सालीवर पाय देणं.

मूरिंगवर परतलं की गादीवर दोन बाटल्या गोडं पाणी ओततो आणि झाकण अर्धं उघडून तिरपं ठेवतो. दहा मिनिटांत निथळते. काकांना हे सुरुवातीला पटलं नव्हतं, कोरड्या गादीवर मुद्दाम पाणी ओतायचं म्हणजे काय! आता तेच ओततात.

या गाद्यांचा दुसरा मोसम चालू आहे. गेल्या आठवड्यात डावीकडची वजनकाट्यावर ठेवली, खोळीसकट सव्वातीन किलो. वास नाही. तक्रार एकच उरली आहे: मधला पट्टा बरोबर बसणाऱ्याच्या मांडीखाली येतो आणि रुततो. पावसाळ्यात गाद्या घरी आल्या की तो चार बोटं पुढे घेणार आहे.